महाद्वाराच्या अलीकडे

पंढरपूरला जाणारी माणसे सहसा मंगळवेढ्याला जात नाहीत. विठोबाचे दर्शन झाले, चंद्रभागेत पाय बुडवले, बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची माळ पिशवीत पडली, की घरची ओढ लागते. तिथून पंचवीसेक किलोमीटरांवरच्या एका गावासाठी आणखी एक दिवस काढावा असे कुणाला वाटत नाही. मलाही कधी वाटले नव्हते. गेली अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि त्यांतली निदान पंधरा वर्षे चोखोबांचे अभंग शिकवते; पण ज्या गावात हा माणूस राहिला, राबला आणि मेला, ते गाव मी पाहिलेले नव्हते. अभंग शिकवायला गाव कशाला पाहावे लागते, अशीच माझी समजूत होती.

यंदाच्या वैशाखात मात्र मी उलट्या वाटेने गेले. आधी मंगळवेढा आणि मग पंढरपूर. त्याला कारण झाली एक उत्तरपत्रिका.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. परीक्षेचे पेपर तपासायला बसले होते. ‘चोखामेळ्यांच्या अभंगांतील भक्तिभावना सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न होता. असे प्रश्न आम्हीच काढतो आणि त्यांची उत्तरेही आम्हीच मुलांच्या वहीत उतरवून दिलेली असतात. त्यामुळे गठ्ठ्यातल्या चाळीस पत्रिकांत एकच उत्तर चाळीस अक्षरांत वाचायला मिळते. आर्तता, लीनता, समर्पण, शेवटी ‘अशा प्रकारे’. हात आपोआप चालत असतो. मध्येच एक पत्रिका अशी आली की उत्तर अर्ध्या पानातच संपले होते. लिहिणाऱ्याने म्हटले होते, “ही भक्ती नसून फिर्याद आहे. मारणारा कोण, मार खाणारा कोण, कुठे मारले, आरोप काय ठेवला, सगळे तिच्यात सांगितले आहे. फिर्याद लिहून घेणारे ठाणे नव्हते, म्हणून ती देवाकडे दिली आहे.”

मी समासात तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. गठ्ठा बांधला, सही केली, चहा घेतला.

पुढच्या वर्षी वर्गात तोच अभंग शिकवायला घेतला आणि नेहमीच्या जागी नेहमीचा शब्द येईना. ‘आर्तता’ म्हणायला तोंड उघडले आणि ते अर्धे पान डोळ्यांपुढे उभे राहिले. तास कसाबसा संपवला. तेव्हापासून मनात होते की एकदा त्या गावाला जाऊन यावे.

सोलापूरहून सकाळची एस.टी. धरली. वैशाखातले सोलापूर म्हणजे सकाळी आठालाच दुपार झालेली असते. रस्ता बेगमपुराजवळ भीमा ओलांडतो. जवळच माचणूरचा किल्ला आहे. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेब बादशहाची छावणी इथे ब्रह्मपुरीला पडली होती. हिंदुस्थानचा कारभार या वाळूतून चालत होता. पुलावरून जाताना शेजारच्या गृहस्थांनी तो मला कौतुकाने दाखवला. “बाई, बघा, औरंग्या इथं राहत होता,” म्हणाले. मी त्यांना विचारले, “आणि चोखोबा कुठे राहत होते?” त्यांनी जरा विचार केला. “ते मंगळवेढ्याचंच की,” म्हणाले, “पण घर काय ठावं न्हाई कुणाला.” बादशहाच्या चार वर्षांची जागा दाखवता येते आणि चोखोबांच्या साऱ्या हयातीची येत नाही, हे मला त्या वेळी फारसे लागले नाही. नंतर लागले.

मंगळवेढ्याची जमीन काळी आणि खोल आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन घेते आणि मग त्याच ओलीवर, वरून थेंब न पडताही, थंडीतली ज्वारी पिकवते. इथली मालदांडी ज्वारी नावाजलेली आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मी गेले तेव्हा शिवारे रिकामी होती. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि जागोजाग कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. ज्वारीचे कोठार म्हणतात ते खरेच.

याच कोठाराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे इथले अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी अंबारखाना गोरगरिबांना खुला केला. बादशहाने मुसक्या बांधून आणायला माणसे पाठवली. तेवढ्यात एक विठू महार खांद्यावर घोंगडी, हातात काठी अशा वेषात दरबारात आला, जोहार केला आणि धान्याची सगळी किंमत मोजून पावती घेऊन गेला. तो विठू म्हणजे पंढरीचा विठोबा. गावात दामाजीपंतांचे देऊळ आहे. तिथे गार फरशीवर बसून मी ही गोष्ट पुन्हा मनात घोळवली. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत एक खाच आहे, ती मला त्या दिवशी दिसली. देवाला महार होता येत होते, महाराला मात्र देवळात येता येत नव्हते. गोष्ट रचणाऱ्यांना हे दिसले नसेल असे नाही. कदाचित दिसले म्हणूनच त्यांनी ती तशी रचली असेल.

गाव लहान, पण इतिहास असा की एकेका गल्लीला पुरून उरावा. कलचुरी बिज्जलाची कल्याणच्या आधीची राजधानी ही. महात्मा बसवेश्वर इथे काही वर्षे राहिले. कान्होपात्रा इथलीच. गणिकेच्या पोटी जन्मली. बादशहाने बोलावणे धाडले तेव्हा विठोबाच्या पायाशी जाऊन तिने देह ठेवला, अशी तिची कथा. तिचेही अभंग आहेत. म्हणजे दोन माणसे एकाच मातीतली, दोघांनाही समाजाने वेशीबाहेर ठेवलेले, आणि दोघांनीही आपले सांगणे अभंगात सांगितलेले.

चोखोबांचे जन्मगाव विदर्भातले मेहुणा असे एक परंपरा सांगते. पण त्यांचा संसार मंगळवेढ्याचा. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. घरची सगळी माणसे अभंग रचणारी. दिवसाची कामे म्हणजे गावची मेलेली जनावरे ओढायची, वेस राखायची, निरोप पोचवायचे आणि बोलावले की वेठीला जायचे. अशाच वेठीला ते गेले होते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते. कूस कोसळले आणि कामावरची माणसे त्याखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. शके १२६०, वैशाख वद्य पंचमी. म्हणजे इसवी सन १३३८.

चौकातल्या चहावाल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारले, “गावकूस कुठे होते हो?” ते हसले. “कूस कवाच गेलं, बाई. तवाच पडलं न्हवं का!” मग बाहेर येऊन हाताने एक मोठा अर्धगोल काढून म्हणाले, “ह्या अंगानं असंल बघा. आन् त्यांची वस्ती त्याच्या भायेर.”

मी तिथेच थबकले. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. आपल्या दलित लेखकांनी ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द इतका वापरला आहे की तो आम्ही वर्गात सरावाने उच्चारतो. पण चोखोबा ज्या भिंतीखाली मेले ती हीच भिंत. तिच्या आत त्यांना घर नव्हते. जी भिंत आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी आहे ती बांधण्याचे काम आपल्यालाच, आणि ती पडली तर मरणही आपल्यालाच. हे रूपक कुणी कवीने योजलेले नाही. हा घडलेला प्रसंग आहे.

कथा पुढे अशी की नामदेवांना पंढरपुरात ही बातमी कळली. ते मंगळवेढ्याला आले. ढिगाऱ्यात कितीतरी हाडे एकात एक मिसळलेली. ज्या हाडांतून ‘विठ्ठल’ असा ध्वनी आला ती त्यांनी चोखोबांची म्हणून वेचली आणि पंढरपूरला नेली. लहानपणी हा चमत्कार ऐकताना अंगावर काटा यायचा. आता त्यातली दुसरी गोष्ट दिसते. त्या भिंतीखाली किती माणसे मेली, त्यांची नावे काय, मागे कोण राहिले, हे कुठल्याही दप्तरात नाही. त्या सगळ्यांतून एकाच माणसाचे नाव, तिथी आणि शक आपल्यापर्यंत आले, आणि ते यासाठीच आले की तो अभंग रचत होता. हाडे बोलली म्हणतात ती अशी. बाकीच्यांची बोलली नाहीत.

गावात चोखोबांचे समाधिस्थान दाखवतात. मी गेले तेव्हा दुपार होती आणि तिथे कुणी नव्हते. दोन उदबत्त्या लावल्या आणि पंढरपूरच्या गाडीत बसले.

त्या तासाभराच्या प्रवासात मला माझी आजी आठवत राहिली. ती वारकरी होती. गळ्यात माळ, एकादशी चुकली नाही, आषाढी चुकली तर आजारी पडायची. पहाटे अंगण झाडताना तिच्या तोंडी अभंग असत आणि त्यांत चोखोबांचा तो मार खाल्ल्याचा अभंग फार आवडता. म्हणताना तिचा गळा दाटून येई. मी तो पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकला; मराठीची प्राध्यापिका मी पुढे झाले, पण चोखोबा मला तिने दिले.

आणि आमच्या पडवीबाहेरच्या कोनाड्यात एक कपबशी असायची. कान तुटलेली. आमच्या शेतावर कामाला येणारे एक म्हातारे बाबा होते, त्यांच्यासाठी. महार वतन १९५८ च्या कायद्याने केव्हाच बंद झाले होते; मी सांगते आहे ती गोष्ट १९८७-८८ ची. बाबा आले की कोनाड्यातली कपबशी स्वतः काढायचे, आजी वरून चहा ओतायची, ते चहा पिऊन ती विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. एकदा मी घरातला कप नेऊन दिला तर बाबाच म्हणाले, “नगं ताई, माझा हाय की तिथं.” आजी काही बोलली नाही. मला रागावलीही नाही. तो कप मात्र त्या दिवसापासून कोनाड्यात गेला आणि कोनाड्यात दोन कप झाले.

आजी दुष्ट नव्हती. त्या बाबांच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतःचे जोडवे मोडले होते. पण पहाटे चोखोबांसाठी रडणे आणि सकाळी चहा वरून ओतणे यांत तिला काही विसंगत वाटत नसे. आणि ती एकटी नव्हती. सहाशे-साडेसहाशे वर्षे आपण सगळ्यांनी हेच केले. साक्ष तोंडपाठ केली, सुरात म्हटली, टाळांच्या ठेक्यावर नाचवली, आणि ती कुणाविरुद्ध आहे हे विचारले नाही. मी वर्गात ‘आर्तता’ म्हणत होते ते तरी दुसरे काय होते? माझा कोनाडा फळ्यावर होता, एवढेच.

पंढरपूरला उतरले तेव्हा उन्हे कलली होती. मंदिराच्या पूर्वेच्या महाद्वाराची पहिली पायरी ती नामदेव पायरी. नामदेवांनी १३५० मध्ये इथे देह ठेवला तो अशा इच्छेने की संतांची पायधूळ आपल्या माथ्यावर पडावी. हारफुलांनी झाकलेल्या त्या पायरीवर आज कुणी पाय देत नाही. माणसे वाकून हात लावतात आणि कडेने जातात. तिच्यासमोर, दाराच्या अलीकडे, चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याहून आणलेली हाडे नामदेवांनी इथे पुरली.

लहानपणी कितीदा इथून गेले असेन. दर्शनाची घाई, आजीचा हात, पुढची गर्दी. समाधीची जागा नेमकी कुठे आहे याकडे लक्षच गेले नव्हते. ती दाराच्या बाहेर आहे. मेल्यावरही बाहेर. आणि पुढे शतकानुशतके हीच खूण ठरली: अस्पृश्यांनी यायचे ते चोखोबांच्या समाधीपर्यंत, तिथेच डोके टेकायचे आणि मागे फिरायचे. ज्या माणसाने आपल्याला आत का घेत नाही असे आयुष्यभर विचारले, त्याच्याच समाधीला लोकांनी हद्दीचा दगड करून टाकले.

समाधीशेजारी पायऱ्यांच्या कडेला मी बसले आणि पिशवीतली गाथा काढली. चोखोबांच्या नावावरचे अभंग साडेतीनशेच्या आसपास आहेत. त्यांच्या काळातली लेखी प्रत आपल्या हाती नाही. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. नंतर ते तोंडोतोंडी वाढले, झिजले, बदलले असतील. तरीही वाचताना एक माणूस स्पष्ट उभा राहतो. तो आपल्याला उष्ट्यावर जगवले जाते हे सांगतो. विटाळ विटाळ म्हणून हाकलले जाते हे सांगतो. आणि तो मार खाल्ल्याचा अभंग! देवाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे कसा आला असे विचारून बडव्यांनी मारले, असे त्यात सरळ सांगितले आहे. शिव्या दिल्या, तेही आहे. आता तूच धावून ये, असे देवाला म्हटले आहे. त्या अर्ध्या पानाचे म्हणणे मी तिथे बसून एकेक कलम ताडून पाहिले. आरोपी कोण, फिर्यादी कोण, जागा, आरोप, मारहाण. एकही कलम राहिले नव्हते.

आणि खाली सही. अभंगाच्या शेवटी कवीने आपले नाव गुंफायचे ही आपली जुनी रीत. आम्ही तिला नाममुद्रा म्हणतो आणि एक ओळीचे टिपण देऊन पुढे जातो. पण गावाच्या कागदात ज्याचे नाव यायचे ते फक्त वेठीच्या यादीत, अशा माणसाने प्रत्येक अभंगाखाली ‘हे मी सांगतो आहे’ असे म्हणणे ही लहान गोष्ट नाही. सोयराबाई तर आपली ओळख देताना नवऱ्याच्या नावाबरोबर आपली जातही मुद्रेत घालते. जे नाव ऐकून लोक सावली टाळत, तेच नाव तिने अभंगाच्या शेवटी जोडले. आता ते म्हटल्यावाचून कुणालाच तिचा अभंग पुरा करता येत नाही. माझ्या आजीलाही येत नव्हता.

सोयराबाईंनी विटाळावरच प्रश्न केला आहे. विटाळ देहातच असतो, त्यावाचून कुणाचाच देह घडत नाही. मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? असा तो प्रश्न. हे वाचताना मला पुन्हा आजीच आठवली. महिन्यातले चार दिवस तीही मागच्या पडवीत, वेगळ्या घोंगडीवर, वेगळ्या ताटात. तिलाही वरूनच वाढत. त्या पडवीतून पुढच्या कोनाड्यापर्यंत दहा पावलांचे अंतर होते. ते तिला ओलांडता आले नाही. सोयराबाईंना सहाशे वर्षांपूर्वी ते ओलांडता आले होते.

मुलगा कर्ममेळा बापापेक्षा तिखट. आम्हांला हीन जन्म दिलास, उष्टे खायला लावलेस, तुला याची लाज कशी वाटत नाही, असे तो देवालाच खडसावतो. बापाची फिर्याद देवापाशी होती. मुलाच्या अभंगात देवच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. एका पिढीत एवढे अंतर पडले.

चोखोबांविषयी एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. काही अभंगांत ते आपल्या हीनपणाचे कारण मागच्या जन्मात शोधतात. ज्याने मारले त्याच्यावर हात उगारत नाहीत. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत जे दलित कवी लिहू लागले त्यांच्यापैकी अनेकांना हा पूर्वज आपला वाटला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्य कोण होते याविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. पण १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी विठोबासकट सगळ्या दैवतांना निरोप दिला. ज्या न्यायालयात सहाशे वर्षे फिर्याद सुनावणीलाच आली नाही, ते न्यायालय सोडून ही माणसे निघून गेली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा त्यात विनवणी उरलेली नव्हती. फिर्यादीवरचा पत्ता बदलला होता. पण मार कुणी दिला, कुठे दिला, हे नावानिशी सांगण्याची रीत तीच होती. चोखोबांनी बंड केले नाही हे मान्य करूनही मला वाटते, साक्ष देणे ही बंडाच्या आधीची पायरी आहे. घडले ते घडलेच नाही असे म्हणायला जागा न ठेवणे, एवढे काम कविता करते. ते काम झाले नसते तर पुढच्यांना कशाविरुद्ध उभे राहायचे हेच सांगता आले नसते.

दारही काही आपोआप उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत साने गुरुजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले होते. त्याआधी त्यांनी कितीतरी महिने महाराष्ट्रभर फिरून विठोबाचे दार हरिजनांना उघडा अशी हाक दिली होती. ते स्वतः कवी आणि कथाकार. शब्द थकले तेव्हा त्यांनी प्राण पणाला लावले. मग दार उघडले. चोखोबांच्या समाधीपासून त्या दारापर्यंत मी मुद्दाम चालून पाहिले. मोजायला पावलेही फारशी लागली नाहीत. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे होतात. आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले, तरी खटला चालत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शब्द दिला तो जानेवारी २०१४ मध्ये. चोखोबांच्या अभंगातल्या आरोपींचे प्रकरण इतक्या उशिरा एका खऱ्या न्यायालयात संपले, आणि तेही वेगळ्याच कलमाखाली.

दिवे लागले. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. नऊवारी लुगडे, कपाळाला बुक्का, हातात चपला.

“आत जाऊन आलीस का, लेकी?” तिने विचारले.

“नाही अजून, आजी.”

“बरं केलंस. आदी चोखोबाला टेकायचं, मंग नामदेवाला, मंग त्येला,” तिने दाराकडे हात केला. मग समाधीकडे तोंड करून डोळे मिटून गुणगुणू लागली. दोन शब्दांत ओळखले. तोच अभंग. आजीच्याच चालीतला. चाल तीच, गळा दाटणेही तेच. तिचा अभंग संपला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, “आजी, त्यांना मारतंय कोण ह्यात?”

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. शिकलेल्या बाईला एवढेही कळू नये याचे तिला नवल वाटले असावे.

“कोण म्हंजे? आपुनच की गं,” ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

ती कोणत्या जातीची होती हे मी विचारले नाही. ते ‘आपण’ तिने माझ्यासाठी म्हटले की स्वतःसाठी, हेही मला कळले नाही. मी मात्र ते घेतले.

यंदा जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा तो अभंग मी फळ्यावर लिहिला आणि मुलांना एवढेच सांगितले, “ही जबानी आहे असे समजून वाचा, आणि प्रश्न विचारा.” पहिला प्रश्न यायला वेळ लागला. पण आल्यावर तास संपेना.

राहिले ते चार गुण. परीक्षेच्या पत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो, आणि तोही उघड करायचा नसतो. ते उत्तर मुलाचे होते की मुलीचे, कोणत्या गावचे, त्या चार गुणांनी पुढे काय अडले, हे मला कळणे शक्य नाही. निकाल लागून गेला. तो बदलत नाही. साक्ष देणाऱ्याने आपले नाव लिहू नये असा नियम त्याच्या वाट्याला आला, आणि लिहून घेणारी मी होते. तेव्हा मागाहून का होईना, ते उत्तर बरोबर होते एवढे मी इथे लिहून ठेवते. अभंगाच्या शेवटी नाव घालावे लागते. लेखावर माझे नाव छापलेले आहेच.